बेसमेंटमधला झुला

तान्ह्या बाळाला सुरुवातीला नवं कोरं कापड घालायचं नाही, असा आपल्याकडे रिवाज. आजीच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याची दुपटी, मावसबहिणीच्या मुलाची झबली, शेजारच्यांचा पाळणा. त्यात काटकसर होती आणि मायाही होती. अमेरिकेत आल्यावर ही सवय सुटली नाही, उलट वाढलीच. आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिन्यातून दोन-तीन वेळा तरी फोटो येतात. "मुलगा मोठा झाला, बेसमेंट रिकामं करतोय. क्रिब, स्विंग, हाय चेअर, सगळं फ्री. फक्त येऊन घेऊन जा." पाच मिनिटांत खाली तीन-चार जण हात वर करतात. पहिलं बाळ यायचंय, दोघांपैकी एकाच्याच पगारावर घर चाललंय, भारतातून आईबाबांची तिकिटं काढायची आहेत, अशा घराला ह्याचा केवढा आधार होतो ते मी पाहिलेलं आहे. कपडे, पुस्तकं, खेळणी अशी फिरत राहिली तर चांगलंच आहे.

फक्त बाळाच्या झोपेच्या वस्तूंचं तसं नाही, आणि आज लिहायचं आहे ते त्यांच्याबद्दल.

मागे असाच एक फोटो आला. घडी घालता येणारा, करड्या कापडाचा, मागे रेलून बसल्यासारखा आकार असलेला बाळाचा झुला. ग्रुपमधली एक मुलगी हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. तिने लगेच विचारलं, "हे रिकॉल झालंय ना?" समोरून उत्तर आलं, "माहीत नाही गं, पण आमच्या दोघी मुली ह्यातच झोपल्या. काहीसुद्धा झालं नाही."

ह्या उत्तरात खोटं काही नव्हतं, देणाऱ्याच्या मनात वाईटही काही नव्हतं. लाखो घरांमध्ये अशा झुल्यात बाळं झोपली आणि त्यांना काही झालं नाही. पण ज्यांच्या घरी झालं, ते ग्रुपवर फोटो टाकत नाहीत.

ह्या कलत्या झुल्यांमधला सगळ्यात गाजलेला म्हणजे फिशर-प्राइस कंपनीचा 'रॉक एन प्ले स्लीपर'. 2009 साली तो बाजारात आला. साधारण 30 अंशांचा उतार, दोन्ही बाजूंनी खोलगट मऊ कापड, पट्टा, हलकेच डोलणारी फ्रेम. पुढच्या मॉडेलांमध्ये आपोआप डोलणं, संगीत, थरथर असं बरंच काही होतं. किंमत 40 डॉलरपासून 149 डॉलरपर्यंत. रात्रभर झोपण्यासाठी म्हणून तो विकला गेला, हे लक्षात ठेवायला हवं. दहा वर्षांत 47 लाख झुले खपले. डोहाळजेवणाच्या रजिस्ट्रीत तो असायचाच. आपल्या आयांनाही तो परका वाटला नाही, कारण दिसायला आणि डोलायला तो झोळीच्या जवळचा. फरक एवढाच, की झोळीची दोरी बहुतेक वेळा कुणाच्या तरी हातात असायची. हा झुला मात्र आईबापांना झोपता यावं म्हणून होता, म्हणजे बाळ त्यात असताना घरात कुणी जागं नसायचं.

त्यात धोका काय, तर बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं आणि मान कच्ची. सपाट गादीवर पाठीवर ठेवलं की डोकं बाजूला वळतं, श्वासाची वाट मोकळी राहते. उतारावर ठेवलं की डोकं पुढे कलंडतं, हनुवटी छातीला टेकते आणि आधीच बारीक असलेली श्वासनलिका दुमडल्यासारखी होते. बाळ रडत नाही, धडपडत नाही, त्यामुळे शेजारच्या पलंगावरच्या आईलाही कळत नाही. दुसरा धोका बाळ थोडं मोठं झाल्यावरचा. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने, म्हणजे सीपीएससीने, आर्कान्सा विद्यापीठातल्या तज्ज्ञांकडून ह्याचा अभ्यास करून घेतला होता. त्यात दिसलं ते असं, की उतारामुळे बाळाला पालथं होणं सोपं जातं, पण एकदा पालथं झालं की त्याच उतारावर आणि मऊ कापडात तोंड वर काढायला पोटाच्या स्नायूंना फार जोर लावावा लागतो. ते लवकर दमतात. आतापर्यंत कधीच पालथं न पडलेलं बाळ पहिल्यांदा पालथं पडतं ते इथेच, आणि सुटका होत नाही. 10 अंशांपर्यंतचा उतार चालेल, त्यापुढे नको, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष होता.

हे सगळं कंपनीला अगदीच नवीन होतं असं नाही. अमेरिकी काँग्रेसच्या एका समितीने 2021 च्या जूनमध्ये अहवाल काढला. वस्तू बाजारात आणण्यापूर्वी ज्या एका डॉक्टरचा सल्ला घेतला गेला, तो बालरोगतज्ज्ञ नव्हता, हे त्यात आलं. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाच्या सरकारी यंत्रणांनी सुरुवातीच्या काळातच ह्या झुल्याला झोपेची वस्तू मानायला नकार दिला होता, हेही आलं. आणि ह्या एका वस्तूतून कंपनीला किमान 20 कोटी डॉलरची विक्री मिळाली, हाही आकडा आला.

2019 च्या एप्रिलमधला एक आठवडा तर बघण्यासारखा आहे. 5 एप्रिलला सीपीएससी आणि कंपनीने मिळून इशारा दिला, की तीन महिन्यांच्या पुढच्या बाळांसाठी वापरू नका, दहा मृत्यू झाले आहेत. वस्तू दुकानात तशीच राहिली. 8 एप्रिलला 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' मासिकाने छापलं, की मृत्यू किमान 32 आहेत आणि त्यात तीन महिन्यांहून लहान बाळंही आहेत. दुसऱ्या दिवशी बालरोगतज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना, अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स, उघडपणे म्हणाली की हे बाजारातून काढा. 12 एप्रिलला 47 लाख झुले परत मागवले गेले. त्याच महिन्यात किड्स टू ह्या दुसऱ्या कंपनीचे जवळपास सात लाख कलते झुलेही गेले. आणि मासिकाकडे तो आकडा आला कसा? सीपीएससीच्या हातून चुकून बाहेर गेलेल्या माहितीतून! इथल्या कायद्याचं कलम 6(ब) असं आहे, की एखाद्या कंपनीचं नाव घेऊन माहिती जाहीर करण्याआधी आयोगाने त्या कंपनीला कळवायचं, तिचं म्हणणं ऐकायचं. अमेरिकेत सगळं कसं पारदर्शक, असं भारतात फोनवर सांगणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावं.

माझा मुद्दा मात्र इथून पुढे सुरू होतो. रिकॉल झाला, बातम्या झाल्या, दुकानांची फडताळं रिकामी झाली. मग 2023 च्या जानेवारीत सीपीएससीने तोच रिकॉल पुन्हा जाहीर केला. कारण तोपर्यंत कळलेल्या मृत्यूंची संख्या सुमारे 100 झाली होती आणि त्यातले किमान आठ मृत्यू रिकॉलनंतरचे होते. काही घटनांचा तपशील आपल्याला पडताळता आलेला नाही, असं कंपनीचं म्हणणं त्या निवेदनात नोंदवलेलं आहे. तरी रिकॉल झाल्यावर, सगळं छापून आल्यावर गेलेली आठ बाळं, ही गोष्ट डोक्यातून जात नाही. दुकानात तर झुला नव्हता. मग तो त्या घरांमध्ये आला कुठून? कुठे आधीपासूनच असेल, कुठे गराज सेलमधून आला असेल, कुठे फेसबुक मार्केटप्लेसवरून, आणि कुठे "आमचा पडूनच आहे, घेऊन जा" असं म्हणणाऱ्या कुणाकडून तरी.

रिकॉलची सूचना पोहोचते ती मूळ गिऱ्हाइकापर्यंत, तीसुद्धा त्याने कंपनीकडे नोंदणी केली असली तर. दुसऱ्या, तिसऱ्या घरी गेलेल्या झुल्याचा पत्ता कंपनीकडे नसतो. ही अडचण जुनी आहे. 1998 साली शिकागोत डॅनी नावाचा दीड वर्षाचा मुलगा परवानाधारक पाळणाघरात, घडीच्या क्रिबमध्ये मान अडकून गेला. ती क्रिब पाच वर्षांपूर्वीच रिकॉल झाली होती. पाळणाघर चालवणाऱ्या बाईंना ते माहीत नव्हतं, तपासणीला येणाऱ्यांनाही नाही. त्याच्या आईवडिलांनी 'किड्स इन डेंजर' ही संस्था काढली. इलिनॉयने रिकॉल झालेल्या बालवस्तू विकायला आणि पाळणाघरात ठेवायला बंदी करणारा कायदा केला, आणि पुढे 2008 च्या केंद्रीय कायद्यात त्या मुलाच्या नावाचं कलम आलं. क्रिब, स्ट्रोलर, बॅसिनेटच्या खोक्यात जे पोस्टाचं कार्ड असतं ना, आपण जे जाहिरात समजून थेट रिसायकलिंगमध्ये टाकतो, ते ह्या कलमामुळे आलेलं आहे. ते भरून पाठवावं. त्यावर दिलेली माहिती जाहिरातीसाठी वापरायला कायद्याने मनाई आहे.

आता कायद्याचं. आपल्या लोकांना इथे कायद्याची भीती वाटते ती स्पीडिंग तिकिटाची आणि व्हिसाची. गराज सेलमध्ये दहा डॉलरला विकलेल्या झुल्याला कायदा लागतो, हे बहुतेकांच्या गावीही नसतं. 2008 च्या त्या कायद्यानुसार रिकॉल झालेली वस्तू विकणं, विकायला मांडणं बेकायदेशीर आहे. दुकानाने असो, थ्रिफ्ट स्टोअरने असो, की तुम्ही-आम्ही अंगणात टेबल टाकून. त्यावर 2022 च्या मे महिन्यात 'सेफ स्लीप फॉर बेबीज ॲक्ट' आला आणि त्या वर्षीच्या 12 नोव्हेंबरपासून लागू झाला. 10 अंशांहून जास्त उताराचे बाळांचे स्लीपर आणि क्रिबच्या कडेने बांधायचे गुबगुबीत बंपर, दोन्हींवर बंदी. ती वस्तू कधी बनली ह्याला महत्त्व नाही. म्हणजे अमुक मॉडेल रिकॉलच्या यादीत नाही, ही पळवाट कलत्या झुल्यांसाठी उरलेली नाही.

आणि फुकट दिलं तर? ग्रुपवर नेमका हाच प्रश्न आला होता. केंद्रीय कायद्याचा रोख विक्रीवर आणि व्यापारी वाटपावर आहे, शेजाऱ्याला सहज दिलेली वस्तू त्यात सरळ बसत नाही. पण माहीत असूनही धोकादायक वस्तू दिली आणि काही विपरीत घडलं, तर निष्काळजीपणाचा दावा राज्याच्या कायद्याखाली उभा राहू शकतो, आणि तो टिकेल का हे वकील आणि ज्युरी ठरवतील. माझ्या मते मात्र इथवर जायची गरजच नाही. ज्या घरात बारशाला जाऊन आपण घुगऱ्या खाल्ल्या, त्या घराशी आपला हिशेब कोर्टातला नसतो.

कंपनीची जबाबदारी हा वेगळा मोठा विषय आहे. सदोष वस्तूमुळे इजा झाली तर उत्पादकाने मुद्दाम केलं होतं हे सिद्ध करावं लागत नाही. वस्तू सदोष होती आणि त्यामुळे नुकसान झालं, हे बहुतेक राज्यांत पुरतं. बनवणारा, आणणारा, विकणारा अशी साखळीच त्यात येते. झुल्याची किंमत परत मागणारे ग्राहकांचे सामूहिक दावे वेगळे, मूल गमावलेल्या आईवडिलांचे दावे वेगळे. पहिल्यात काही डॉलरचा चेक येतो. ऑनलाइन बाजारपेठांचं काय, ह्यावर अजून ओढाताण चालू आहे. 2024 च्या जुलैत सीपीएससीने ॲमेझॉनबद्दल आदेश दिला, की दुसऱ्या विक्रेत्यांचा माल तुम्ही स्वतःच्या गोदामातून पाठवता तेव्हा तुम्ही वितरक ठरता, रिकॉलची जबाबदारी तुमच्यावरही आहे. ते प्रकरण हेअर ड्रायर, मुलांचे रात्रीचे कपडे वगैरेंचं होतं, पण तत्त्व बाळाच्या गादीलाही लागू होण्यासारखं आहे. ॲमेझॉनने त्याला कोर्टात आव्हान दिलं आहे. फेसबुक मार्केटप्लेसवर तर 2021 साली परत मागवलेल्या 33 लाख बॉपी लाउंजर उशा नंतरही विकायला येत राहिल्या. ह्या उशांमुळे आठ मृत्यू झाल्याचं तेव्हाच जाहीर झालं होतं. 2023 मध्ये आणखी दोन कळले, तेव्हा आयोगाने मेटा कंपनीला जाहीरपणे खडसावलं. त्या उशीला कलताही उतार नव्हता. नुसती मऊ होती, तेवढंच पुरलं.

मऊ म्हटल्यावर आजीचा विषय येणारच. बाळंतपणाला सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेली आजी सुटकेसमधून मोहरीची उशी आणते, दुपटी आणते, आणि इथली रिकामी क्रिब पाहून तिला गलबलतं. "एवढंसं लेकरू, ना उशी, ना पांघरूण, काय हे?" इथले डॉक्टर सांगतात ते असं: पाठीवर, सपाट, घट्ट गादीवर, फक्त ताणून बसवलेली चादर, आणि आत दुसरं काही नाही. पहिले सहा महिने तरी बाळ आईबापांच्याच खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या जागेवर. ह्यात आजीचं ऐकायचं की डॉक्टरचं, असा सामना लावू नये. तिचे प्रश्न खरे असतात, त्यांना उत्तरं द्यावीत. दूध वर आलं तर घशात अडकेल ना, ही तिची भीती. पाठीवर झोपलेल्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे वर आलेलं दूध श्वासनलिकेत जायचं तर चढ चढावा लागतो. उताराने दूध वर येणं थांबतं, हा समजही टिकलेला नाही. डोकं चपटं होईल, ही दुसरी भीती. त्यासाठी बाळ जागं असताना, आपण समोर बसून, त्याला पोटावर खेळवायचं. ते काम आजीला द्यावं, तिच्याइतका वेळ आणि गाणी कुणाकडे असतात? 1994 पासून इथे बाळांना पाठीवर झोपवायची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या वर्षांत अचानक होणाऱ्या बालमृत्यूंचं प्रमाण निम्म्यावर आलं, एवढं सांगितलं की माझ्या पाहण्यातल्या बहुतेक आज्या मोहरीची उशी मुकाट्याने बॅगेत ठेवतात. तरीही ह्या देशात दरवर्षी सुमारे 3,500 बाळं झोपेशी संबंधित कारणांनी जातात.

कार सीट, स्विंग, बाउन्सर ह्या वस्तूंवर बंदी नाही, पण त्या झोपेच्या वस्तू नाहीत. गाडीत बाळ झोपणारच. मुक्कामी पोचलं की उचलून सपाट जागी ठेवायचं, "आत्ताच डोळा लागलाय, राहू दे" म्हणून सीट तशीच घरात आणून ठेवायची नाही.

भारतात जाणाऱ्या बॅगांबद्दलही सांगायला हवं. पुण्या-नाशिकच्या बहिणीला बाळ होणार म्हटलं की इथल्या बेसमेंटमधला झुला 23 किलोंच्या बॅगेत बसवून न्यायचा मोह होतो. तिकडची वस्तू म्हणून तिचं कौतुकही जास्त. पण इथला रिकॉल तिथे कुणाला कळणार? भारतातही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने उत्पादकाचं दायित्व आणि वस्तू परत मागवायचा अधिकार आणला आहे, पण इथून बॅगेत आलेल्या वस्तूमागे तिथे ना दुकानदार, ना आयातदार. बहिणीने जाब विचारायचा तर कुणाला?

तुमच्याकडे अशी वस्तू असेल तर आधी तिच्या पोटाखालचं लेबल पाहा. मॉडेल नंबर आणि बनल्याची तारीख तिथे असते. सीपीएससीच्या वेबसाइटवर रिकॉलच्या यादीत तो नंबर टाकला की दोन मिनिटांत कळतं. लेबल फाटलं असेल तर ती वस्तू कुणालाच देऊ नका. 2011 च्या जूनपूर्वीची, एक बाजू वरखाली सरकणारी क्रिब असेल तर शोधायचीही गरज नाही, त्या क्रिबच्या विक्रीवर तेव्हापासून बंदी आहे. रिकॉल निघाला तर आधी कंपनीला कळवा. काही वेळा पैसे किंवा कूपन मिळतं, आणि पुरावा म्हणून वस्तूचा एखादा सुटा भाग किंवा कापलेल्या कापडाचा फोटो मागतात. मगच कापड कात्रीने कापा, फ्रेम मोडा, आणि कचऱ्याच्या दिवशी बाहेर ठेवा. अखंड ठेवलात तर सकाळच्या ट्रकआधी कुणीतरी उचलून नेईल, हे इथल्या प्रत्येक सबर्बमध्ये घडतं. उलट, एखाद्या वस्तूमुळे बाळाला काही झालं, अगदी थोडक्यात निभावलं असलं तरी, ती मोडू नका आणि कंपनीकडे परतही पाठवू नका. आहे तशी ठेवा, फोटो काढा, सेफर प्रॉडक्ट्स डॉट गव्ह ह्या सरकारी साइटवर तक्रार नोंदवा, गरज वाटल्यास वकिलाला दाखवा.

आमच्या ग्रुपवर आता झोपेच्या वस्तूंचा फोटो टाकायचा तर सोबत लेबलचाही टाकावा लागतो. सुरुवातीला दोघा-तिघांना राग आला होता. त्या करड्या झुल्याचं कापड मालकिणीने स्वतः कापलं आणि फोटो टाकला. ज्या जोडप्याने त्याच्यासाठी हात वर केला होता, ते विद्यार्थी व्हिसावरचं होतं आणि नवी क्रिब घेणं त्यांना जड होतं. चौघींनी वर्गणी काढून त्यांना साधं, सपाट, घडीचं प्लेयार्ड घेऊन दिलं. जिथे अशी माणसं आसपास नसतील तिथे प्रसूतीच्या हॉस्पिटलमधल्या सोशल वर्करला किंवा काउंटीच्या आरोग्य खात्याला विचारावं. 'क्रिब्स फॉर किड्स' नावाची राष्ट्रीय संस्था आहे, तिच्या स्थानिक शाखा गरजू घरांना घडीची क्रिब देतात. विचारायला लाजू नये, आणि डिलिव्हरीच्या दोन महिने तरी आधी विचारावं.